उजव्या पावलाची अकड

दोन पायांवर ताठ उभं राहून, मान वर करून चालणं हे साऱ्या सृष्टीत एकट्या माणसाला साधलं आहे. हात मोकळे झाले म्हणून हत्यार आलं, नजर लांब पोचली म्हणून विचार आला, आणि विचार आल्यावर वेद, व्याकरण, कोर्टकचेऱ्या असं सगळंच ओळीनं येत गेलं. नांदरखेडमध्ये ही सोय गढीच्या अलीकडच्या चिंचेपर्यंत होती.

चिंच आली की नांदरखेडचा माणूस पायताणं काढून काखेत मारायचा, कमरेत वाकायचा आणि जमिनीवर आपलं काही सांडलंय का ते शोधत असल्यासारखा गढीच्या देवडीसमोरून जायचा. पलीकडं मारुतीचा पार लागला की पायताणं घालून पुन्हा माणसात यायचा. एवढ्या टापूत मारुतीनं कधी कुणाला मदत केल्याचं ऐकिवात नव्हतं. त्याची स्वतःचीच मूर्ती हात जोडलेली होती.

नांदरखेड हे तेरखेड्याच्या अलीकडं, डोंगराच्या कुशीतलं जहागिरीचं गाव. जहागीरदार हैदराबादेत राहत. त्यांनी गाव कधी बघितलं नव्हतं, त्यामुळं त्यांच्याविषयी गावाचं मत चांगलं होतं. कारभार नायबसाहेब बघत. कचेरी गढीत, कोर्ट गढीत, कैदखाना गढीत आणि नायबसाहेबांचा मुदपाकखानाही गढीत. आधीचे नायब जेवून झोपत, आणि ते झोपले की कायदाही त्यांच्या शेजारी आडवा व्हायचा. पण शेहेचाळीसच्या थंडीत नवे नायबसाहेब आले. त्यांनी पहिल्याच दिवशी सज्जावर खुर्ची टाकायला लावली आणि खालच्या रस्त्याकडं बघत बसले. त्यांना वर बढती हवी होती आणि खाली वाकलेली माणसं.

बलभीम हा गावातला सगळ्यांत चांगला वाकणारा माणूस होता. त्याचा पानमळा होता. रोज सकाळी पानांची डाल काखेत घेऊन त्याला देवडीवरून बाजारात जावं लागायचं, त्यामुळं सरावही दांडगा होता. त्याच्या घराण्यात वाकणं पिढीजातच चांगलं होतं. बाप तर रिकाम्या सज्जालाही वाकायचा, न जाणो पडद्याआड कुणी असलं तर. अशा माणसावर पुढं गुस्ताखीचा खटला चालला. त्याचं कारण म्हणजे एक बैल.

आदल्या वर्षी बलभीम पानांच्या डाली रेल्वेत चढवायला येडशीच्या स्टेशनावर गेला होता. इंजिनानं शिट्टी मारली, शेजारच्या छकड्याचा बैल बुजला आणि समोर जे काही होतं त्यात त्यानं शिंग खुपसलं. समोर बलभीमचं ढुंगण होतं, उजव्या बाजूचं. बलभीम त्या वेळी स्टेशनमास्तरांना वाकून रामराम घालत होता.

जखम भरून आली. पण त्या मुलखात जखमा भरून आल्या की वर चढायला लागतात. गावात येईपर्यंत ती कमरेत आली होती आणि संक्रांतीपर्यंत बरगडीला लागली. खरी जागा बायकोला, कस्तुराबाईला, तेवढी माहीत होती. आणि ढुंगणाला. ते आता वाळल्या दोडक्यासारखं झालं होतं आणि त्यानं काम सोडलं होतं.

चालताना पंचाईत व्हायची ती अशी. डावं पाऊल ठीक पडायचं. उजवी टाच टेकली की मात्र वरचं धड अडकित्त्यासारखं पुढं मिटायला बघायचं. तोंडावर पडू नये म्हणून बलभीमला त्या क्षणी छाती मागं फेकावी लागायची. ही युक्ती त्याला कुणी शिकवली नव्हती. अंगालाच सापडली होती. डाव्या पावलाला तो रयत दिसायचा आणि उजव्या पावलाला जहागीरदार.

नवे नायबसाहेब खुर्चीत बसले त्या दिवशी बलभीमनं चिंचेखाली पायताणं काढली, मनोभावे वाकला, उजवं पाऊल टाकलं आणि देवडीसमोर उताणी पडलेल्या डालीशेजारी पालथा झाला. देवडीवरचे जवान हसले. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. वाकायची बलभीमची मनापासून तयारी होती, ढुंगणाची नव्हती. तिसऱ्या दिवशी त्यानं मध्यम मार्ग काढला. मान जेवढी झुकेल तेवढी झुकवली आणि खालचं धड त्याच्या त्याच्या मर्जीवर सोडून दिलं. सज्जावरून ते असं दिसलं की एक माणूस मान खाली घालून चालतोय आणि एकाआड एक पावलाला नायबसाहेबांवर छाती काढतोय. साधी अकड एक वेळ चालली असती. ही मोजूनमापून केलेली अकड होती.

त्याला वर बोलावण्यात आलं. "ये क्या अकड है?" असं नायबसाहेबांनी विचारलं. बलभीमनं तोंड उघडलं आणि मिटलं. खरं सांगायचं तर ढुंगण म्हणावं लागलं असतं, आणि एवढ्या मोठ्या माणसापुढं तो शब्द काढणं ही त्याच्या मते खरी गुस्ताखी होती. तो गप्प राहिला. गप्प राहिला म्हणून मगरूर ठरला. बाजारच्या दिवसानंतर खटल्याची तारीख पडली, आणि देवडीवरचे जवान त्याला ऐकू जाईल असं म्हणाले की महिनाभर तरी आत जाणार.

ही बातमी पारावर पोचायच्या आधी महालिंगप्पांच्या दुकानात पोचली. महालिंगप्पा हे गावातले मोठे आडते. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, आणि दुकानाच्या गादीवर सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मांडी. सोलापूरचं वर्तमानपत्र त्यांच्याकडं चोरून यायचं. देशासाठी काय वाटेल ते करायची त्यांची तयारी होती, फक्त बसल्या जागेवरून. बलभीमला त्यांनी बोलावून घेतलं, शेंगा पुढं केल्या आणि गावात एक तरी मर्द निपजला म्हणून डोळे पुसले.

"बलभीमा, तू आमच्या गावाची छाती हायेस," ते म्हणाले.

बलभीमला ही चूक दुरुस्त करावी असं वाटलं, पण इतक्या प्रेमानं दिलेला अवयव परत कसा करणार. त्याच संध्याकाळी महालिंगप्पांच्या तोंडून जखम बरगडीवरून छातीवर आली आणि बैल समोरून आला. तरणी पोरं बलभीमची चाल बघायला वाटेत थांबू लागली. काही जण मागं रानात जाऊन, सज्जावरून दिसणार नाही अशा बेतानं, तसं चालूनही बघायचे. चाळीस वर्षांत बलभीमकडं कुणी वळून पाहिलं नव्हतं. त्याला भीती वाटत होती आणि बरंही वाटत होतं, आणि दोन्हींचं काय करायचं ते कळत नव्हतं.

कस्तुराबाईला कळत होतं.

"आप्पाचं काय जातंय?" ती मळ्यात वेलींना पाणी देत म्हणाली. "गादीवर बसूनच हायेत त्ये. तुमी आत जाऊन बसल्यावर हितं पानी कोन दावनार?"

"मग काय म्हनू म्या नायबाला?"

"खरं त्ये म्हना. ढुंगान हाय म्हनावं, अकड न्हाय."

"सज्जापुढं?"

"आवं, नायबाला काय ढुंगान न्हाय व्हय?"

बलभीमला हा विचार कधी सुचला नव्हता, आणि सुचल्यावर तो जरा घाबरला.

कस्तुराबाईनं बोलण्यावर भागवलं नाही. महालिंगप्पांचा भाचा शांतलिंग हैदराबादेत डॉक्टर झाला होता आणि मामाकडं चार दिवस राहायला आला होता. मामाच्या दुकानात पुढून न जाता ती परसदारानं गेली आणि भाच्याला मळ्यात घेऊन आली. शांतलिंग तरुण होता, चष्म्याचा होता, आणि गावात आल्यापासून लोकांनी त्याला पोटदुखीशिवाय काही विचारलं नव्हतं. चालण्याविषयी विचारतायत म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला. बलभीमला त्यानं वेलींच्या दोन ओळींमधून कितीतरी वेळा जायला-यायला लावलं, एका पायावर उभं केलं, पालथं झोपवून पाय उचलायला लावला, आणि शेवटी धोतर सरकवून उजव्या बाजूला बोटानं दाबून बघितलं. कस्तुराबाई तोंडाला पदर लावून वेलींकडं बघत राहिली.

शांतलिंग डॉक्टरी उर्दूतून शिकला होता आणि पुस्तकं त्यानं इंग्रजीतून वाचली होती. मराठीत त्याच्याकडं स्नायूंना नावंच नव्हती. त्यामुळं तो बोटानं दाखवत गेला, स्वतःच्या अंगावर, आणि सांगत गेला की चालणं म्हणजे मुळात पडणं असतं. माणूस दर पावलाला पुढं पडतो आणि वेळेवर सावरतो. टाच टेकली की नडगीच्या पुढचा स्नायू पंजा हळूच खाली सोडतो, नाहीतर तो फाडकन आपटला असता. त्याच वेळी मांडीच्या पुढचा स्नायू गुडघा धरतो, दुमडू देत नाही. मग सगळा भार एका पायावर येतो आणि दुसरा हवेत असतो, तेव्हा कुल्ल्याच्या कडेचा स्नायू कंबर तोलून धरतो. तो नसता तर माणूस दर पावलाला बदकासारखा लचकला असता. पोटरी टाच उचलते आणि अंग पुढं ढकलते. उचललेला पाय झोक्यासारखा पुढं जातो, आणि तो लाथ मारल्यासारखा जाऊ नये म्हणून मांडीच्या मागच्या शिरा त्याला लगाम घालतात. हे सगळं माणूस गप्पा मारता मारता, तंबाखू मळता मळता करतो आणि त्याला पत्ताही नसतो.

"आणि हा," असं म्हणून त्यानं आपल्या ढुंगणावर थाप मारली. "छकडं पळत असताना एकदम थांबवलं तर गाडीवान कुठं जातो?"

"म्होरं. बैलावर."

"तसंच. टाच टेकली की पाय थांबतो, पण धड पळतच असतं. त्याला मागून धरायला हा स्नायू. शरीरातला सगळ्यांत थोराड. तुमच्या उजव्या बाजूला त्याची नस दुखावलीय, आणि वर्षभर काम नाही म्हणून तो वाळलाय. मागून धरायला कुणी नाही, म्हणून तुम्ही आधीच मागं रेलता."

"म्हंजे ह्यांच्यात अकड न्हायच?" कस्तुराबाईनं विचारलं.

"अजिबात नाही," शांतलिंग खात्रीनं म्हणाला.

बलभीमला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याला थोडं वाईट वाटलं.

तारखेला गढीच्या चौकात खटला उभा राहिला. देवडीबाहेर गाव जमलं होतं. महालिंगप्पा आले नव्हते, पण दुकानाचं तोंड गढीकडंच होतं आणि त्यांनी गादी उंबऱ्यापर्यंत ओढून घेतली होती. शांतलिंगनं नायबसाहेबांना आदाब करून नजाकतीच्या उर्दूत सांगितलं की आरोपीची चाल हा आजार आहे आणि आपण ते सिद्ध करून दाखवू. त्यासाठी त्यानं देवडीवरच्या एका जवानाला चौकातून चालायला सांगितलं आणि त्याच्या मागं मागं जात टाच, पंजा, गुडघा, कंबर असं बोटानं दाखवू लागला. आयुष्यात पहिल्यांदा जवानाचं लक्ष स्वतःच्या पायांकडं गेलं. चार पावलांत त्याचा उजवा हात उजव्याच पायाबरोबर पुढं यायला लागला, आणि पाचव्याला तो स्वतःच्या लाठीत अडकला. दुसरा जवान दाखवायला निघाला तो टाच आधी की पंजा, या विचारात जागेवरच थांबला. नायबसाहेबांना गंमत वाटली. ते खाली उतरले, हात मागं बांधून इकडून तिकडं गेले, आपल्या जोड्यांकडं बघितलं, आणि आपले पंजे बदकासारखे बाहेर पडतात हे सगळ्या गावाबरोबर त्यांच्याही ध्यानात आलं. ते मुकाट्यानं खुर्चीत जाऊन बसले. त्या दिवशी त्या चौकात कुणालाच धड चालता येईना, एकटा बलभीम सोडून. तो आरोपी होता, त्याला उभंच राहायचं होतं.

"तो ये अकड नहीं, बीमारी है," नायबसाहेब म्हणाले.

शांतलिंगनं होकार दिला. बीमारी कुठं आहे असं विचारल्यावर त्यानं एक अरबी वळणाचा असा भारदस्त शब्द सांगितला की तो ऐकून कुणालाही आपल्याला ती जागा असावी असं वाटलं असतं. पण नायबसाहेबांनी रयतेला कळेल अशा भाषेत सांगायला फर्मावलं, आणि शांतलिंगनं सांगितलं.  देवडीबाहेर मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि ते हसू सगळ्या गावातून फिरून आलं. महालिंगप्पांची गादी उंबऱ्यावरून आत गेली.

बलभीमच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण तो उभा राहिला. थोडं हसू सोसलं की घरी जायचं होतं, मळ्याला पाणी दावायचं होतं. गावाची छाती म्हणून मिरवलो त्यापेक्षा ढुंगण म्हणून जगू, असा त्यानं मनाशी हिशेब केला, आणि हिशेब बरोबर होता.

नायबसाहेबांना मात्र एक अडचण होती. कायदा. हा इसम देवडीसमोर वाकून चालू शकत नाही का, असं त्यांनी विचारलं. वाकला तर पडेल, असं शांतलिंग म्हणाला. नायबसाहेबांनी दाढीवरून हात फिरवला.

"और हाथ टेक के? रेंगते हुए तो नहीं गिरेगा?"

शांतलिंग विद्येशी प्रामाणिक होता. दोन हात आणि दोन गुडघे टेकलेले असले की वजन खाली येतं, आधार चार होतात, आणि मागून धरणाऱ्या स्नायूची गरजच उरत नाही, असं त्यानं समजावून सांगितलं. नाही, तसा तो पडणार नाही. बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याला कळलं, पण तोवर नायबसाहेबांच्या चेहऱ्यावर दया पसरली होती. त्यांनी निकाल दिला. आरोपीला माफी. इथून पुढं त्यानं चिंचेपासून पारापर्यंत रांगत जावं. माफीही झाली आणि कायदाही राहिला. निकाल लिहून घेणाऱ्या पेशकारानं मान डोलावली. गावातल्या दोघाचौघांनाही तो निकाल फार वाईट वाटला नाही. लहानपणी सगळेच रांगतात.

बलभीमला म्हटलं गेलं की साहेबांचे आभार मान आणि जा. तो हलला नाही. बापापासून चालत आलेलं सगळं वाकणं त्याच्या पाठीच्या कण्यात जमा होतं. पण ते दोन पायांवरचं वाकणं होतं. वाकलेला माणूसही शेवटी माणूसच दिसतो, एवढी एक सवलत त्यात होती.

"मला कसलाबी आजार न्हाय," तो म्हणाला.

आवाज इतका लहान होता की पेशकारानं पुन्हा विचारलं. बलभीमनं पुन्हा सांगितलं, आणि दुसऱ्या वेळी तो देवडीबाहेर ऐकू गेला.

"डागदरसाब शिकल्यालं हायेत, पर त्यास्नी म्या फशिवलं. ही चाल माझी हाये. म्या मुद्दाम आसा चालतो, आन् हितनं म्होरंबी आसाच चालनार."

शांतलिंग चष्मा सावरत पुढं झाला. स्नायू वाळलेला आहे, आपण स्वतः दाबून बघितलाय, असं तो काकुळतीनं सांगू लागला.

"साब, तुमी दाबलं त्ये दुसऱ्या कुनाचं आसंल."

या वेळी कुणी हसलं नाही. नायबसाहेबांनी खुर्चीतून पुढं झुकून त्याला आणखी एकदा विचार करायला सांगितलं. तसं करणं त्यांनाही सोयीचं नव्हतं. निकाल चांगला झाला होता.

"लई इचार केला," बलभीम म्हणाला. "दोन पायांवर जाईन. न्हाय तर आत टाका."

त्याला महिनाभराची सक्तमजुरी झाली.

गढीच्या पायथ्याला बारव होती आणि नायबसाहेबांचा हमाम होता वरच्या मजल्यावर. मधे दगडी पायऱ्या, जुन्या पद्धतीच्या, माणसापेक्षा घोड्याला सोयीच्या. बारवेतून घागर भरायची, खांद्यावर घ्यायची, वर नेऊन ओतायची, आणि पुन्हा खाली, हेच बलभीमचं काम. सुरुवातीला तो प्रत्येक पायरीवर डावा पाय टाकायचा आणि उजवा मागून ओढून घ्यायचा. त्याला वेळ लागायचा. चौकात लाठीत अडकलेला जवानच त्याच्यावर नेमला होता, आणि त्या जवानाचा बलभीमच्या पायांवर राग होता. एक पायरी डाव्यानं, एक पायरी उजव्यानं, असं चढायचं, नाहीतर पाठीत बसेल, असं त्यानं बजावलं. उजवा पाय पायरीवर ठेवून घागरीसकट अंग वर उचलताना बलभीमच्या डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. वर्षभर जिथं काहीच जाणवत नव्हतं तिथं आता आग व्हायची. तुरुंगात आतून मारतात असं त्यानं ऐकलं होतं. ते हेच असावं असं त्याला वाटलं. तो कण्हला नाही. एकदा जवानानं विचारलं की काय रे, जिरली का, तेव्हा बलभीमनं घागर खाली ठेवली, उजव्या पायावर छाती काढून दाखवली आणि घागर परत उचलली. कस्तुराबाई दुपारी भाकरी घेऊन यायची आणि मळ्याला पाणी दावते आहे असं सांगून जायची.  एकदा जाता जाता, दुसऱ्याचं दाबलं म्हणालात ते बरं म्हणालात, एवढं बोलली.

सुटकेच्या दिवशी नायबसाहेब डोंगरात शिकारीला गेले होते. गाव मात्र चिंचेखाली हजर होतं. महालिंगप्पा स्वतः गादीवरून उठून आले होते. लोक बलभीमइतकेच त्यांच्याकडं बघत होते. त्यांच्या हातात झेंडूचा हार होता. देवडीचं दार उघडलं, बलभीम बाहेर आला आणि त्यांच्याकडं चालू लागला. टाच, पंजा. टाच, पंजा. उजवं पाऊल, डावं पाऊल, धड सरळ, खांदे सारखे. कुणाही माणसासारखा चालत आला.

 महालिंगप्पांनी हार घातला, पण तिरडीवर घालावा तसा.

"मोडला रे गडी," ते बाजूच्या माणसाला म्हणाले. "आत लई मारलं आसंल."

आपल्याला कुणी हातही लावला नाही, असं बलभीमनं सांगितलं. त्यावर लोकांनी एकमेकांकडं बघितलं. म्हणजे बोलायचीही बंदी घातली होती तर. घरी जाताना कस्तुराबाई त्याच्या मागून चालत होती.  दार लावल्यावर बोलली.

"आवं, तुमचं भरलं की."

बलभीमनं हात मागं नेऊन चाचपलं. खरंच भरलं होतं. डाव्याला उजवं अगदी जोडीला जोड झालं होतं. तो घोंगडीवर बसला. वर्षभरानंतर दोन्ही बाजूंनी सारखा टेकला, आणि त्याला काहीच आनंद झाला नाही. भर चौकात तो म्हणाला होता की चाल माझी आहे आणि मी मुद्दाम चालतो. तेव्हा ते खोटं होतं, त्यामुळं निभावून गेलं होतं. आता ते खरं करायची वेळ आली होती.

"आता सरळ येतंय तर सरळच चाला की," कस्तुराबाई म्हणाली.

"सरळ गेलो तर त्यो नायब म्हनंल, सुदारला."

तिनं पाण्याचं खोरं भिंतीला टेकवून ठेवलं. संध्याकाळपर्यंत दोघं मळ्यात होती. गरज नसताना छाती फेकणं हे गरज असताना फेकण्यापेक्षा फार अवघड निघालं. मागून धरणारा स्नायू आता कामाचा पक्का झाला होता आणि धड जरा कुठं मागं झुकलं की त्याला ते नडायचं. कधी बलभीम उशिरा झुकायचा, कधी भलत्याच पावलावर. वेलींच्या ओळीच्या टोकाला उभी राहून कस्तुराबाई सांगत होती की उजवा टेकला की, डावा न्हवं, आन् ही काय दारू प्याल्यागत चालताव, जरा रुबाबात चाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिंचेपाशी येऊन बलभीम थांबला. पायताणं काढली नाहीत. मान खाली घातली नाही. पानांची डाल काखेत धरली आणि निघाला. डावं पाऊल. उजवं पाऊल, आणि छाती. आयुष्यात पहिल्यांदा ती छाती त्याची स्वतःची होती. नायबसाहेब सज्जावर होते. पारावरची माणसं उभी राहिली. लाठीवाला जवान देवडीतून धावत निघाला, आणि नायबसाहेबांनी वरून हात केला.

ते विचार करत होते. महिनाभर सक्तमजुरी करूनही या माणसाची अकड गेली नाही, असं मानायचं तर शिक्षा वाया गेली. ही गोष्ट वरपर्यंत गेली तर बढतीही गेली. त्यापेक्षा डॉक्टर खरा होता, असं मानण्यात कुणाचंच काही जात नव्हतं.

"जाने दो," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "बीमार है. डॉक्टर साहब बोले थे."

जवान थांबला. बलभीम सज्जाखालीच उभा राहिला. चाळीस वर्षांत त्यानं त्या सज्जाकडं कधी मान वर करून बघितलं नव्हतं. आता बघितलं. सज्जाचं लाकूड खालून वाळवीनं खाल्लेलं होतं.

"बीमार न्हाय म्या," तो म्हणाला.

नायबसाहेब दयेनं हसले. "यही तो बीमारी है," ते म्हणाले, आणि त्यांनी चहा मागवला.

त्यानंतर बलभीम रोज तसाच गेला. पायात पायताणं, मान वर आणि एकाआड एक पावलाला छाती. नायबसाहेबांनी त्याला रोज माफ केलं. रांगायचा हुकूम पुन्हा कुणी काढला नाही. आजारी माणसाला शिक्षा झाली कशी, हा प्रश्न त्याच्याबरोबर वर आला असता. मग एके दिवशी बलभीमच्या मागून पानांची दुसरी डाल घेऊन कस्तुराबाई गेली, ताठ. तिलाही तोच त्रास आहे, असं तिनं जवानाला सांगितलं, आणि दाबून बघायची जवानाची टाप नव्हती. मग एका तेल्याला झाला. मग पारावर बसणाऱ्या पोरांपैकी तिघांना एकदमच. पाडव्यापर्यंत अर्ध्या नांदरखेडचं ढुंगण निकामी झालं होतं आणि देवडीसमोरून माणसं पायताणं घालून, माना वर करून, एकाआड एक पावलाला छाती काढत जात होती. नायबसाहेबांनी खुर्ची सज्जाच्या आतल्या अंगाला घेतली.

महालिंगप्पांनी हैदराबादेला भाच्याला सांगावा धाडला की त्याच्यामुळं गावाची नाचक्की व्हायची होती, ती बलभीमच्या छातीनं वाचवली. या चालीनंच एक दिवस राज्य जाईल, असंही ते गादीवरून गिऱ्हाइकांना सांगत.

पुढच्या वर्षी, अठ्ठेचाळीसच्या भादव्यात, हैदराबादचं राज्य गेलं. हिंदुस्थानची फौज सोलापूरच्या बाजूनं आली. ती मोटारींत बसून आली होती, आणि गढीसमोरून बसूनच गेली.